आरंभचौकट आणि परतूरकर सर

बदनापूरच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्या वामन परतूरकर सरांचा रोबोटशी संबंध आला तो दैवशाला मॅडमच्या बाळंतपणामुळे. विज्ञानाच्या दैवशाला मॅडम रजेवर गेल्या आणि त्यांच्यामागे त्यांचा वर्ग, प्रयोगशाळेची किल्ली आणि जिल्ह्याच्या रोबोट स्पर्धेत नाव घातलेला तीन मुलांचा संघ असा सगळा संसार उघडा पडला. वर्ग गणिताच्या मास्तरांनी घेतला. किल्ली शिपायाने घेतली. संघ कुणी घेईना. तेव्हा मुख्याध्यापक कल्याणरावांनी परतूरकर सरांना बोलावून चहा पाजला (इथेच सरांनी सावध व्हायला हवं होतं) आणि म्हणाले की स्पर्धेची नियमपुस्तिका चाळीस पानांची आहे, आणि चाळीस पानं सलग वाचू शकेल असा माणूस या शाळेत तुमच्याशिवाय दुसरा नाही.

हा गौरव की अपमान, हे सरांना नक्की ठरवता आलं नाही. अशा वेळी ते अपमान धरून चालत. त्यात पुढे पस्तावायची पाळी येत नाही, असा त्यांचा अनुभव होता.

संघातली तिघं नववीतली. आकांक्षा कॅप्टन. ती कमी बोलायची आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची, त्यामुळे शिक्षकांना तिची जराशी धास्तीच होती. तृप्ती संगणकावर रोबोटला द्यायच्या आज्ञा लिहायची. आणि हरिओम तोडजोड करायचा. त्याच्या दप्तरात पुस्तकं असोत नसोत, पेचकस, पक्कड आणि करवतीचं पातं कायम असायचं. या तिघांनी मॅडमच्या हाताखाली प्लायवूडचा एक खोका बनवला होता. त्याला चार चाकं, वर तारांचं जंजाळ आणि पुढे सोंडेसारखा लांब हात. हरिओमने त्याचं नाव ठेवलं होतं सर्ज्या.

सरांनी पहिल्याच दिवशी रोबोट या शब्दाला हरकत घेतली. मराठीत यंत्रमानव हा सुरेख शब्द असताना दुसऱ्याच्या दारात जायचं कारण काय, असं त्यांनी विचारलं.

“पण सर, मानव कुठं हाय त्याच्यात?” हरिओम म्हणाला. “नुस्तं खोकं हाय.”

सरांनी तो मुद्दा राखून ठेवला.

खेळ असा होता. जमिनीवर सतरंजीएवढं एक मैदान अंथरायचं, फ्लेक्सवर छापलेलं. त्यावर कापसाच्या गाठी म्हणून सात रबरी चेंडू ठेवायचे. रोबोटने ते एकेक उचलून पलीकडच्या कोपऱ्यातल्या गोदामात नेऊन टाकायचे. एकदा सोडला की त्याला हात लावायचा नाही. मैदानाच्या अलीकडच्या कोपऱ्यात एक फूट लांबरुंद चौकट आखलेली होती. तिचं नाव आरंभचौकट. रोबोटने तिथून निघायचं.

आता एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यातून झालं. सर्ज्या आंधळा होता. डोळे असलेले रोबोट असतात म्हणे, पण शाळेच्या कपाटात जे सामान होतं त्यात डोळा नव्हता. त्यामुळे सर्ज्या मोजून चालायचा. चाकांचे इतके फेरे पुढे, मग डावीकडे वळ, मग इतके फेरे, मग हात खाली. निघताना तो एक बोट इकडेतिकडे उभा राहिला तर मैदानाच्या टोकाला जाईपर्यंत हातभर चुकायचा आणि चेंडू समजून हवा उचलून आणायचा. थोडक्यात, सर्ज्याचं सगळं भवितव्य तो उभा कुठे आहे यावर होतं, आणि तो उभा कुठे आहे हे ठरवणारं वाक्य नियमपुस्तिकेच्या अकराव्या पानावर होतं: “निघण्यापूर्वी रोबोटची चाके आरंभचौकटीच्या आत असावीत.”

सरांनी हे वाक्य वाचलं आणि चष्मा पुसला. 'असावीत' हा विध्यर्थ आहे, असं त्यांनी मुलांना सांगितलं. विध्यर्थातून कर्तव्य व्यक्त होतं, तशी इच्छाही होते, शक्यताही होते. म्हणजे चाकं आत असावीत ही समितीची आज्ञा आहे की नुसती मनोकामना आहे, हे कळायला मार्ग नाही. मुलांनी माना डोलावल्या आणि चाकं आत ठेवली. हात बाहेर राहिला तरी चालत होता, म्हणून हात लांबच्या लांब ठेवला होता; त्यामुळे चेंडू चांगले यायचे. सगळं सुरळीत होतं, आणि सरांच्या आयुष्यात सगळं सुरळीत चाललं की शाळेचा हॉल काढून घेतला जातो.

हॉलमध्ये बोर्डाच्या परीक्षेची बाकं लागली. सरावाला जागा उरली नाही. सरांचं घर जालन्याला. मुलं रविवारी पॅसेंजरने येतील आणि आपल्या पुढच्या खोलीत सराव करतील, असं सर एका बेसावध क्षणी बोलून गेले. फ्लेक्स अंथरल्यावर खोलीत सोफा मावेना, म्हणून सोफा व्हरांड्यात गेला. रमाबाई, म्हणजे सरांच्या पत्नी, काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त सोफ्याची जागा पुसून घेतली. ही त्यांची बोलायची पद्धत होती.

व्हरांड्यात सोफा आहे ही बातमी कॉलनीत पसरायला वेळ लागला नाही. शेजारचे पुंजारामकाका सकाळचा चहा घेऊन येऊन बसले ते उठेचनात. काका मूळचे शहागडचे. हायवेवर त्यांच्या मालट्रका चालायच्या, स्वतःही चालवायचे, आता मुलगा बघतो. जगातली कुठलीही वस्तू ही एक प्रकारची ट्रक आहे आणि कुठलाही प्रश्न हा शेवटी गाडी लावण्याचा प्रश्न आहे, अशी त्यांची समजूत. उघड्या दारातून त्यांना मैदान पूर्ण दिसायचं.

आणि मग सुधारणा क्रमांक एक आली.

ती व्हॉट्सॲपवर आली. एखाद्या माणसाला जेवताना उठवून घराबाहेर काढावं तशी आली, असं सर पुढे अनेकांना सांगत. चाकंच नव्हे, तर संपूर्ण रोबोट त्याच्या सर्व भागांसह चौकटीच्या आत असावा. म्हणजे हात दुमडायला हवा. हरिओमने घरभर नजर फिरवली आणि रमाबाईंच्या मसाल्याच्या कपाटाची एक बिजागरी काढून घेतली. दोन आहेत, एकीवर काम भागेल, असं त्याचं म्हणणं. हात झकास दुमडला. कपाटाचं दार त्याच संध्याकाळी सरांच्या खांद्यावर पडलं. सर्व भागांसह.

सरांचा संताप झाला. खांद्याचा नव्हे, तत्त्वाचा. स्पर्धा जाहीर झाल्यावर नियम बदलणं म्हणजे परीक्षा सुरू झाल्यावर अभ्यासक्रम बदलणं. त्यांनी समितीला निवेदन लिहायला घेतलं. तोवर सुधारणा क्रमांक दोन आली: आरंभचौकट एक फुटाऐवजी दहा इंचांची. दुमडलेला हात आता तिच्यात मावेना. हरिओमने सर्ज्याला उलटा केला, करवतीचं पातं काढलं आणि हात निम्म्यावर कापला. तृप्तीने सगळ्या आज्ञा नव्याने लिहिल्या, कारण आखूड हाताच्या सर्ज्याला प्रत्येक चेंडूच्या जास्त जवळ जावं लागत होतं. शेवटचा चेंडू तरी निसटायचाच.

त्यानंतर तीन नंबरची सुधारणा. रोबोटचं तोंड निघताना कोणत्या दिशेला असेल, हे ऐनवेळी चिठ्ठी टाकून ठरेल.

“चिठ्ठी?” सर म्हणाले. “हे विज्ञान आहे की भिशी?”

पुंजारामकाकांना मात्र ही सुधारणा पटली. या विषयात आपला अधिकार आहे असं त्यांना वाटत होतं, आणि सोफ्यावर इतके दिवस बसल्यावर कुणालाही तसं वाटलं असतं.

“मास्तर, गाडी उभी करतानीच निघायचं पाहून ठेवावं लागतंय,” ते म्हणाले. “तुमी त्याचं तोंड आत घालून राह्यले. उलटं लावा. बुड आत, तोंड भाईर. रातभर उभी राहू द्या, सकाळी जल्दी निघती.”

सर्ज्याला रातभर उभं राहायचं नाही, हे सरांनी समजावलं. पण हरिओमला उलटं लावून बघायची उबळ आली. त्याने सर्ज्याचं तोंड फिरवलं, तृप्तीने आज्ञा बदलायच्या आत कळ दाबली, आणि सर्ज्या मैदानाकडे पाठ करून निघाला तो उंबरठ्यावरून व्हरांड्यात, सोफ्याखालून पायरीवर आणि पायरीवरून खाली. खाली द्वारकाबाईंच्या कुरडया वाळत होत्या. द्वारकाबाई म्हणजे पुंजारामकाकांची बायको. सर्ज्या मोजून चालणारा असल्यामुळे त्याने वाळवणावरही नेमून दिलेले फेरे पूर्ण केले, डावीकडे वळला, पुन्हा फेरे पूर्ण केले, हात खाली केला आणि एक ओली कुरडई उचलून गोदामाच्या दिशेने नेली.

द्वारकाबाई जे बोलल्या ते सरांना उद्देशून होतं. सल्ला त्यांच्या यजमानांचा होता, ही बाब सरांनी आदबीने निदर्शनास आणली. यजमान तेव्हा सोफ्यावर नव्हते. त्या रविवारी संध्याकाळी रमाबाईंनी उकड शिजवली आणि सरांनी, मराठीच्या ज्येष्ठ शिक्षकांनी, भर रस्त्यावरून दिसेल अशा गच्चीत बसून सोऱ्या फिरवला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते निवेदन घेऊन स्पर्धा समितीच्या कार्यालयात गेले. कार्यालय म्हणजे बियाण्याच्या दुकानावरची एक खोली, आणि तीत वसंता नावाचा एक अतिशय गोड स्वभावाचा माणूस. सरांना गोड स्वभावाची माणसं अशा ठिकाणी खपत नाहीत. भांडायला धरायला जागा राहत नाही. निवेदन अडीच पानांचं होतं. 'आत' या शब्दयोगी अव्ययाची व्याप्ती, रेषा ही चौकटीचा भाग आहे की शेजारीण आहे, रोबोटचा 'भाग' म्हणजे काय, लोंबती तार हा भाग की अलंकार, असे मुद्दे सरांनी क्रमाने मांडले होते. वसंताने ते दोन्ही हातांनी घेतलं, वाचलं, सुंदर अक्षर आहे म्हणाला आणि दोन्ही हातांनी परत दिलं. कागद घेत नाहीत. शंका पोर्टलवर टाकायच्या. शंभर अक्षरांत.

“शंभर शब्दांत,” सरांनी दुरुस्त केलं.

“अक्षरांत, सर. मोकळी जागा धरून.”

सर घरी आले आणि त्यांनी आपल्याच निवेदनाची कत्तल सुरू केली. आधी विशेषणं गेली. मग नम्रता गेली. 'महोदय' त्यांनी दोनदा काढून दोनदा परत घातलं आणि मग काढलं. शेवटी पोर्टलने स्वीकारलं ते वाक्य असं होतं: “आत म्हणजे काय?” आठवडाभराने उत्तर आलं. उत्तर होतं, “होय.”

हे उत्तर सरांनी शिक्षक खोलीत, पॅसेंजरच्या डब्यात आणि दाढी करताना न्हाव्याला वाचून दाखवलं. न्हावी म्हणाला, मोठ्या ऑफिसातली उत्तरं अशीच असतात. सरांना तो दिलासा वाटला नाही.

स्पर्धेच्या दोन दिवस आधी सुधारणा क्रमांक चार आली. सहभागी संघांच्या सूचनांचा आदर करून रोबोटचा हात मूळ नियमाप्रमाणे चौकटीबाहेर राहिल्यास चालेल; चौकट मात्र दहा इंचांचीच राहील. हरिओमने मेसेज वाचला, दप्तरात हात घातला आणि हाताचा कापलेला तुकडा बाहेर काढून टेबलावर ठेवला. जोडून पाहिला, पण तो हलायला लागला. पुन्हा सगळ्या आज्ञा लिहायला आता वेळही नव्हता. आखूड हातानेच जायचं ठरलं. सरांच्या मनात जे आलं ते कुठल्याच व्याकरणात बसत नव्हतं.

स्पर्धा जालन्यातल्या एका मंगल कार्यालयात होती. सरांनी मूळ नियम आणि चारही सुधारणा एका फायलीत लावून नेल्या. कल्याणराव बदनापूरहून मुद्दाम आले होते आणि पहिल्या रांगेत, जिथे लग्नात मुलीचे मामा बसतात तिथे, बसले होते. जिल्ह्यातून पहिला येणारा एकच संघ विभागीय फेरीला जाणार होता. दोन फेऱ्या होणार होत्या आणि दोन्हींचे चेंडू मिळून निकाल. मुख्य पंच मुकुल नावाचा एक तरुण इंजिनीअर होता. तो सगळ्यांना नमस्कार करत होता आणि “अगदी बरोबर आहे तुमचं” असं म्हणून पुन्हा स्वतःचंच करत होता. सरांना तो पाहताक्षणी आवडला नाही.

पहिल्या फेरीत चिठ्ठी चांगली आली: तोंड सरळ गोदामाकडे. आकांक्षाने सर्ज्या चौकटीत ठेवला, अजून नीट सरळ करायचा होता, तेवढ्यात मुकुल वाकला आणि म्हणाला की मागची तार रेषेबाहेर लोंबते आहे. आकांक्षाच्या हातात रबरबँड तयार होता. एका आट्यात तार आत गेली असती.

पण तारेचं नाव निघालं आणि सरांच्या कानात जणू शाळेची घंटा वाजली. तार हा भाग की अलंकार, हा त्यांचा मुद्दा क्रमांक चार. ते दोरी ओलांडून मैदानाजवळ गेले, फाईल उघडली आणि बोलू लागले. 'सर्व भागांसह' या शब्दसमूहात 'सर्व' हे विशेषण कशाला लागतं, यावर ते चांगलं बोलले. इतकं चांगलं की मागच्या रांगेतले काही पालक उठून उभे राहिले. मुकुल “अगदी बरोबर आहे तुमचं, सर” म्हणाला, आणि त्याने नियम वाचून दाखवला: मार्गदर्शकाने आक्षेप घेतल्यास त्याचा निकाल लागेपर्यंत रोबोटला हात लावता येणार नाही, आणि तयारीची वेळ थांबणार नाही. हा नियम सरांनीच मुलांना दोनदा समजावून सांगितला होता.

आकांक्षा रबरबँड हातात धरून उभी होती. ती सरांकडे बघत होती. नेहमीसारखीच, डोळ्यांत.

वेळ संपली. सर्ज्या होता तसा तिरपा निघाला. त्याने तीन चेंडू कसेबसे नेले, चौथा ढकलत मैदानाबाहेर घातला आणि बाकीच्या वेळात मन लावून हवा उचलली. आक्षेपाचा निकालही लागला: तार हा भागच आहे. सर जागेवर येऊन बसले. शेजारच्या पालकाने त्यांना पाणी दिलं. सरांना ते पाणी दिल्याचाही राग आला.

दुसऱ्या फेरीत चिठ्ठी वाईट आली. तोंड मागे, पाठ मैदानाकडे. पण या वेळी तृप्तीने चारही दिशांच्या आज्ञा आधीच लिहून ठेवल्या होत्या. हरिओमने सर्ज्या ठेवला. मुकुलने वरून पाहिलं, बाजूने पाहिलं आणि अंगठा वर केला. सरांनी ठरवलं होतं की आता जिभेला कुलूप. जिल्ह्यातले बाकीचे सगळे संघ खेळून झाले होते. सहा चेंडू गेले तर दुसरा नंबर आणि सातही गेले तर पहिल्याशी बरोबरी, असा हिशेब कल्याणरावांनी वळून दोनदा सांगितला.

आणि सरांना दिसलं. सर्ज्याचं मागचं चाक रेषेच्या बाहेर होतं. तार नव्हे, चाक. बोटभर. मूळ नियमाने बाहेर, एकने बाहेर, दोनने बाहेर, चारने बाहेर. पंचाला दिसलं नव्हतं.

सरांनी डोळे मिटून पाहिले. उघडले तरी चाक बाहेरच. एवढे दिवस ज्या रेषेपायी त्यांनी रजा टाकली, खांदा दुखवून घेतला, सोऱ्या फिरवला, त्या रेषेकडे या माणसाने धड वाकून पाहिलंसुद्धा नाही, या विचाराने त्यांच्या अंगाची लाही झाली. आपला संघ, बदनापूर, पहिला नंबर, हे सगळं त्या क्षणी त्यांच्या डोक्यातून गेलं असेलच, पण ते थांबलं नाही. सर उभे राहिले.

“पंच महाशय,” ते म्हणाले, “चाक बाहेर आहे. तुम्ही नियम वाचता की नुसते पाठवता?”

मंगल कार्यालयात लग्न मोडल्यावर होते तशी शांतता झाली. मुकुल वाकला. चाक खरंच बाहेर होतं. स्वतःच्या संघाविरुद्ध आक्षेप घेणारा मार्गदर्शक त्याने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला असावा, कारण या वेळी तो “अगदी बरोबर आहे तुमचं” असं म्हणायचं विसरला. त्याने सर्ज्याला नियमाप्रमाणे बोटभर पुढे सरकवायला सांगितलं. आकांक्षाने सरकवला, सरळ केला, कळ दाबली. सर्ज्या गर्रकन फिरला आणि असा चालला की सरांनी सरावातही कधी पाहिला नव्हता. एक, दोन, पाच, सहा चेंडू गोदामात. सातव्यापर्यंत तो गेला, हात खाली केला, आणि आखूड हात चेंडूच्या बोटभर अलीकडे टेकला.

दुसरा नंबर.

कल्याणराव उठून सरांजवळ आले. त्यांचा चेहरा शाळेच्या तपासणीच्या दिवशी असतो तसा झाला होता.

“परतूरकर,” त्यांनी विचारलं, “तुम्ही नेमके कोणाच्या बाजूनं आहात?”

हा प्रश्न इतका सरळ होता की सरांना त्यात एकही व्याकरणाची चूक सापडली नाही.

मुलांना पॅसेंजरला बसवून द्यायला सर स्टेशनवर गेले. गाडीला उशीर होता. हरिओमच्या मांडीवर सर्ज्या, तृप्तीच्या हातात दुसऱ्या नंबरचा चषक. सरांनी सगळ्यांना वडापाव घेतला आणि तो कुणी खाईना. शेवटी सरांनीच विषय काढला. त्यांनी आधी पंचांना दोष दिला, मग समितीला, मग पोर्टलला. मुलं ऐकत होती. आकांक्षाने त्यांचं बोलणं संपू दिलं.

“सर, पहिल्या फेरीत तुम्ही भांडले म्हणून आपण हरलो,” ती म्हणाली. “दुसऱ्या फेरीत बोलले ते बराबर व्हतं. पहिलं न्हाई.”

एवढंच. आवाज चढवला नव्हता. सरांनी आजवर शेकडो उत्तरपत्रिका तपासल्या होत्या. पण त्यांचाच पेपर कुणी इतका नीट तपासला नव्हता. रागवावं असं वाटून त्यांनी श्वास घेतला, आणि तो तसाच सोडला.

“पहिलं चुकलंच माझं,” ते म्हणाले.

हे वाक्य ऐकून हरिओमला बहुधा धीर आला. तो सर्ज्याच्या चाकाशी चाळा करत म्हणाला, “सर, मी मुद्दाम ठेवल्तं.”

“काय?”

“चाक. हात कापल्यापासून शेवटचा चेंडू बोटभर लांब पडून राह्यला. बोटभर मागून निघालं की वळण बराबर बसतंय. मी घरी करून पाहिल्तं. मला वाटलं पंचाला दिसणार न्हाई.” मग चाक एकदा फिरवून, “त्याला न्हाईच दिसलं.”

आता सरांना खरा संताप यायला हवा होता. एवढे दिवस वाऱ्यावर वाया घालवलेल्या संतापाला आज कुठे खरा धनी भेटला होता. त्यांनी मनात चाचपून पाहिलं, पण काही हाती लागेना. त्यांना दिसत होतं ते टेबलावर ठेवलेलं हाताचं तुटकं टोक. त्यांनी हरिओमला सांगितलं की हे वाईट केलंस, आणि पुन्हा असं केलंस तर मीच पहिला उठेन. हरिओम म्हणाला की ते आता सगळ्या जिल्ह्याला माहीत झालंय. तृप्ती हसली. आकांक्षाने वडापावचा पहिला घास घेतला.

तेवढ्यात सरांचा फोन वाजला. समितीचा मेसेज होता. सुधारणा क्रमांक पाच. सर मोठ्याने वाचू लागले, आधी सवयीने तिरकस सुरात आणि मग सूर विसरून. विभागीय फेरीसाठी आता प्रत्येक जिल्ह्यातून दोन संघ घेण्यात येतील. तसेच आरंभचौकट पूर्ववत एक फुटाची करण्यात येत आहे.

मुलांना कळायला क्षणभर लागला. मग तृप्तीने चषक हरिओमच्या डोक्यावर उपडा घातला, आणि हरिओम त्याच्या आतून ओरडत होता की बोटभर जागा भेटली, आता शेवटचा चेंडू बसतो, हातही लांब करता येतो. प्लॅटफॉर्मवरची माणसं बघायला लागली. आकांक्षा ओरडली नाही, पण तिने शेजारच्या अनोळखी बाईला सांगितलं की आम्ही विभागाला चाललो.

सरांच्या कपाळावर मात्र हळूहळू आठी जमत होती.

“थांबा,” ते म्हणाले. “निकाल लागल्यावर संघांची संख्या बदलतात? आणि 'पूर्ववत' म्हणजे कधीच्या पूर्वीसारखं? मूळ नियमाच्या, की पहिल्या सुधारणेच्या? हात आत की बाहेर, याचा उल्लेखच नाही. हे असं चालायचं नाही. आकांक्षा, माझं पेन दे.”

पेन तिच्याकडे होतं. सकाळी नावनोंदणीला घेतलं होतं. तिने ते खिशातून काढलं, त्याच्याकडे पाहिलं आणि आपल्या कंपासपेटीत ठेवून पेटीचं झाकण लावलं.

“सर,” ती म्हणाली, “एवढी सुधारणा राहू द्या.”

गाडी आली. मुलं सर्ज्याला सांभाळत चढली. सर खिडकीशी उभे राहून बोलत होते. आपल्या फायद्याचा असला तरी बेकायदा बदल तो बेकायदाच, हे त्यांना पटवून द्यायचं होतं, आणि खिडकीतून ते नीट ऐकू जात नव्हतं, म्हणून ते दाराशी गेले. दाराशी गर्दी होती, म्हणून आत चढले. आत तृप्तीने सरकून जागा दिली. सर बसले आणि 'पूर्ववत' या शब्दाची फोड करू लागले. ती अर्ध्यावर आली तेव्हा गाडी हलली होती. हरिओमने ते सांगायला तोंड उघडलं, पण आकांक्षाने त्याला कोपर मारलं. सरांच्या वाट्याचा वडापाव तिने त्यांच्यापुढे धरला. तो खात, जालन्यात घर असलेले परतूरकर सर आपला तीव्र निषेध नोंदवत बदनापूरपर्यंत गेले.